थेंबाचे आयुष्य आणि मनोऱ्याची उंची

द्रव इंधन द्रव अवस्थेत जळत नाही. जळते ते त्याच्या पृष्ठभागावरून सुटणारे बाष्प, आणि तेही पृष्ठभागाला लागून नव्हे, तर त्यापासून काही अंतरावर, आतून येणारे बाष्प व बाहेरून येणारा ऑक्सिजन जेथे योग्य प्रमाणात एकत्र येतात त्या पातळ पट्ट्यात. तेथे निर्माण झालेल्या उष्णतेचा काही भाग मागे थेंबाकडे परततो, त्यामुळे आणखी बाष्प सुटते आणि ज्योतीला खाद्य मिळत राहते. डिझेल एंजिनाच्या सिलिंडरात, विमानाच्या गॅस टर्बाइनमध्ये आणि कारखान्यातील भट्टीच्या बर्नरमध्ये ही देवघेव असंख्य थेंबांच्या फवाऱ्यात एकाच वेळी चालते, त्यामुळे फवाऱ्याचे गणित मांडू पाहणाऱ्याला आधी एका थेंबाचे गणित मांडावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एका थेंबासाठी उंच मनोरे वापरले गेले, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचा उपयोग केला गेला आणि शेवटी तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेत नेला गेला. हे सारे एवढ्या थराला का गेले याचे उत्तर इंधनाच्या रसायनशास्त्रात कमी आणि एका साध्या गुणाकारात जास्त सापडते.

या गणिताचा पाया ज्वलनाच्या अभ्यासात घातला गेला नव्हता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८७७ साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तील विसरणावरील लेखात ओलसर गोलावरून होणाऱ्या बाष्पीभवनाचे गणित मांडले होते, विसरण म्हणजे एखाद्या वायूच्या रेणूंचे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत जाणे. पुढे रशियन हवामानशास्त्रज्ञ स्रेझ्नेव्हस्की याने थेंबांच्या बाष्पीभवनाची मोजमापे केली, आणि १९१० साली अमेरिकेत हॅरी मॉर्स याने आयोडिनाच्या बारीक गोळ्या सूक्ष्म तराजूवर ठेवून त्यांचे वजन कसे घटते हे पाहिले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. गोळीचे वस्तुमान तिच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटेल अशी सहज अपेक्षा असते, परंतु प्रत्यक्षात ते त्रिज्येच्या प्रमाणात घटत होते. १९१८ साली अर्व्हिंग लँगम्यूर याने त्याचा उलगडा केला: गोळी लहान होत जाते तशी तिच्याभोवतीची बाष्पाची चादरही त्याच प्रमाणात पातळ होते, त्यामुळे दर चौरस मिलिमीटरमागे सुटणारे बाष्प वाढत जाते आणि कमी झालेल्या क्षेत्रफळाची अंशतः भरपाई होते. वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते आणि त्याच्या घटीचा दर नुसत्या व्यासाच्या प्रमाणात असतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की व्यासाचा वर्ग काळाबरोबर सरळ रेषेत घटतो हे निघते. हाच तो ‘व्यासवर्गाचा नियम’.

बाष्पीभवनाचा हा नियम जळत्या थेंबालाही लागू पडतो, हे दाखवण्याची निकड दुसऱ्या महायुद्धानंतर, जेट एंजिनांच्या वाढीबरोबर निर्माण झाली. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटलच्या जेट एंजिनाचा वारसा सांगणारी नॅशनल गॅस टर्बाइन एस्टॅब्लिशमेंट ही सरकारी संस्था १९४६ साली स्थापन झाली होती, आणि तेथील जी. ए. ई. गॉडसेव्ह याने क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूच्या टोकाला इंधनाचा एकेक थेंब लटकवून, तो पेटवून आणि त्याची जलद छायाचित्रे घेऊन व्यासाचा वर्ग खरोखरच एका ठरावीक दराने घटतो हे दाखवले. त्याच सुमारास डी. ब्रायन स्पाल्डिंग याने थेंबाकडे परतणारी उष्णता आणि थेंबातून द्रव सुटण्यास लागणारी उष्णता यांच्या गुणोत्तराला एक संख्या देऊन ज्वलन, बाष्पीभवन आणि उष्णतेचे वहन हे सारे एकाच समीकरणात आणले. दोघांचेही निबंध १९५३ साली चौथ्या आंतरराष्ट्रीय ज्वलन-परिसंवादाच्या खंडात प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मार्विन गोल्डस्मिथ आणि एस. एस. पेनर यांनी हे गणित अधिक काटेकोर रूपात मांडले. त्यातून निघणाऱ्या दराला ज्वलन-स्थिरांक म्हणतात. हेप्टेन या पेट्रोलसदृश इंधनाच्या सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी, हवेत आणि गुरुत्वाकर्षणाचा व्यत्यय नसताना, तो सेकंदाला साधारण पाऊण चौरस मिलिमीटर भरतो. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुढच्या साऱ्या इतिहासाचे माप घेता येते.

सिद्धान्त देखणा होता, परंतु ज्या थेंबाबद्दल तो बोलत होता तो थेंब तंतूच्या टोकाला लटकलेला नव्हता. गणितातील थेंब अचूक गोल असतो, त्याची ज्योतही त्याच्याशी समकेंद्री असा गोल असते, आणि बाष्प, उष्णता व ऑक्सिजन यांची ये-जा सर्व दिशांना सारखी, केवळ विसरणाने होते. प्रयोगशाळेत मात्र तापलेले वायू हलके होऊन वर चढतात, खालून थंड हवा ओढली जाते, आणि ज्योत समईच्या ज्योतीसारखी वर निमुळती होते. या वरच्या दिशेच्या प्रवाहाला अभिसरण म्हणतात; त्यामुळे ऑक्सिजन थेंबाच्या तळाशी अधिक वेगाने पोहोचतो, ज्योत तेथे थेंबाला अधिक जवळ येते, आणि ज्वलनाचा दर फुगतो. गोलाचे गणित आणि निमुळत्या ज्योतीची मोजमापे यांचा मेळ घालण्यासाठी सुधारणा-गुणक वापरले जात, पण असा गुणक घातल्यावर जमणारा मेळ हा सिद्धान्ताचा पुरावा मानायचा की गुणकाचा, हे सांगणे कठीण होते.

येथे एक विसंगती आहे आणि तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. खऱ्या एंजिनातील थेंब मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतके, म्हणजे काही दशक मायक्रोमीटरचे असतात, आणि इतक्या लहान आकारावर अभिसरणाचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो, कारण वायूला वर ढकलणारे बल आणि वायूचा चिकटपणा यांचे परस्पर प्रमाण व्यासाच्या घनाबरोबर बदलते. एक मिलिमीटरचा थेंब हा ०.०५ मिलिमीटरच्या थेंबाच्या वीसपट मोठा असला, तर त्याच्यावरील गुरुत्वाकर्षणाचा हा व्यत्यय आठ हजारपट मोठा असतो. म्हणजे एंजिनातील थेंब सिद्धान्ताच्या पुष्कळ जवळ असतो, पण तो एवढा लहान आणि एवढा अल्पायुषी असतो की त्याची ज्योत तपासता येत नाही. आणि जो थेंब नीट पाहता येण्याइतका मोठा असतो त्याला गुरुत्वाकर्षण बिघडवते. मोठ्या थेंबाला लहान थेंबासारखे वागायला लावायचे असेल तर गुरुत्वाकर्षण काढून टाकणे हा सरळ उपाय उरतो. एखादी पेटी मोकळी सोडली, तर ती पडत असताना तिच्या आतील सर्व वस्तू आणि वायूही तिच्याबरोबर सारख्याच वेगाने पडतात, त्यामुळे पेटीच्या आत वजन जवळजवळ नाहीसे होते आणि हलक्या-जड वायूंमधील भेदाला काही अर्थ राहत नाही. या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात.

हा उपाय जळत्या थेंबासाठी पहिल्यांदा करून दाखवला तो तोक्यो विद्यापीठातील सेइइचिरो कुमागाई यांनी. त्यांनी इसोदा यांच्यासह केलेला खाली पडणाऱ्या कक्षातील थेंबांच्या ज्वलनाचा अभ्यास १९५७ साली सहाव्या ज्वलन-परिसंवादाच्या खंडात छापला गेला. हाती असलेला काळ एका सेकंदाच्या आसपासचा होता, आणि तेवढ्यात थेंब पेटवणे, व्यत्यय शमू देणे आणि छायाचित्रे घेणे हे सारे उरकावे लागे. तरीही त्या छायाचित्रांत ज्योत प्रथमच गोल दिसली. अंतराळस्थानकांचा विचार हा अजून कथालेखकांचा विषय होता आणि पहिला कृत्रिम उपग्रह नुकताच सुटत होता अशा काळात, युद्धाच्या विध्वंसातून सावरणाऱ्या देशातील एका विद्यापीठाने एका पडत्या पेटीच्या आधारे हे साधले, याचे महत्त्व पुढे अवाढव्य यंत्रणांच्या झगमगाटात काहीसे झाकोळले गेले. कुमागाई यांनी विषय सोडला नाही. १९७१ साली साकाई आणि ओकाजिमा यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या कामात त्यांनी आधाराचा तंतूही दूर केला, म्हणजे थेंब कशालाही न चिकटता मोकळा तरंगत असताना जळू लागला. त्यामुळे तंतूवाटे होणारे उष्णतेचे वहन आणि तंतूमुळे थेंबाला येणारा लांबट आकार या दोन्ही अडचणी मिटल्या, आणि १९७५ च्या ओकाजिमा-कुमागाई निबंधात तेच काम आणखी पुढे गेले.

गोल ज्योत मिळाली, आणि तिने सिद्धान्ताची पाठराखण केली नाही. व्यासाचा वर्ग बऱ्याच अंशी सरळ रेषेत घटत होता हे खरे, पण जुन्या सिद्धान्तानुसार ज्योतीचा व्यास आणि थेंबाचा व्यास यांचे गुणोत्तर ज्वलनाच्या संपूर्ण काळात स्थिर राहायला हवे होते, आणि हेप्टेनसाठी ते तिसाहून अधिक यायला हवे होते. तोक्योच्या छायाचित्रांत ते स्थिर नव्हते; थेंब लहान होत असताना ते वाढत जात होते, आणि शेवटीही दहाच्या आसपासच राहत होते. सिद्धान्ताने असे गृहीत धरले होते की थेंबातून सुटलेले सर्व बाष्प त्याच क्षणी ज्योतीत जळते. स्पेनमधील आंतोनिओ क्रेस्पो आणि आमाब्ले लिन्यान यांनी १९७५ साली थेंबापासून दूरचा प्रदेश स्थिरावायला किती वेळ लागतो याचे गणित केले, आणि १९८० साली सी. के. लॉ व सहकाऱ्यांनी दाखवले की सुरुवातीला बाष्पाचा मोठा भाग थेंब आणि ज्योत यांच्या दरम्यानच्या पोकळीत साठत राहतो व नंतर जळतो. म्हणजे थेंबाला स्वतःचा एक भूतकाळ असतो आणि तो वगळून त्याचे वर्तमान मोजता येत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या गोंधळात हा दोष वीस वर्षे लपून राहिला होता.

आता तो गुणाकार. थेंबाचे आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि मुक्त पतनाचा काळ वाढवायचा तर उंची काळाच्या वर्गाने वाढवावी लागते. या दोन वर्गांच्या घातांकांचा गुणाकार केला की मनोऱ्याची उंची थेंबाच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे व्यास दुप्पट करायचा तर उंची सोळापट करावी लागते. वर दिलेला स्थिरांक वापरला तर एक मिलिमीटरच्या हेप्टेन थेंबाला पूर्ण जळायला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि त्यासाठी जवळजवळ ९ मीटरचे पतन पुरते. दोन मिलिमीटरच्या थेंबाला सुमारे ५.३ सेकंद आणि १४० मीटर. तीन मिलिमीटरच्या थेंबाला १२ सेकंद आणि ७०० मीटर. आणि चार मिलिमीटरच्या थेंबाला २१ सेकंदांहून अधिक काळ व सव्वादोन किलोमीटर. प्रत्यक्षात मोठे थेंब या हिशेबापेक्षाही सावकाश जळतात, त्यामुळे खरी गरज याहून मोठीच निघते. उपकरणांचा यापुढचा सारा इतिहास या चौथ्या घाताशी केलेली झुंज आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

अमेरिकेत ही झुंज क्लीव्हलंड येथील नासाच्या लुईस संशोधन केंद्रात लढली गेली. १९९९ पासून हे केंद्र अंतराळवीर जॉन ग्लेन याच्या नावाने ओळखले जाते. तेथील लहान मनोऱ्यात सुमारे २४ मीटरचे पतन आणि २.२ सेकंद मिळत. त्याहून मोठी सोय १९६६ साली बांधून झाली, ती मात्र मनोरा नसून जमिनीत १५५ मीटर खोल खणलेली विहीर होती, आणि तिच्यात १३२ मीटरच्या पतनातून ५.१८ सेकंद मिळत. प्रयोग घेऊन पडणाऱ्या बंद कुपीला हवेचा अडथळा झाला तर सूक्ष्मगुरुत्व बिघडते, म्हणून या विहिरीतील मोठी लोखंडी नळी प्रत्येक खेपेला पंपांनी निर्वात करावी लागते, आणि तळाशी सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने येणारी कुपी पॉलिस्टायरिनच्या मण्यांच्या खोल थरात रुतून थांबते. ही सोय ज्वलनासाठी बांधलेली नव्हती. वजनरहित अवस्थेत रॉकेटच्या टाक्यांतील द्रव इंधन कसे वागते हे चंद्रमोहिमांच्या काळात समजून घ्यायचे होते, आणि ती निकड ओसरल्यानंतर विहीर ज्वलनाच्या अभ्यासकांच्या हाती आली. १९८५ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि तरीही तिचा वापर चालू राहिला.

सर्वांत खोल पतनाची जागा मात्र जपानमध्येच निर्माण झाली. होक्काइदो बेटावरील कामिसुनागावा हे गाव कोळशाच्या खाणीवर उभे होते, आणि १९८७ साली खाण बंद झाल्यावर तेथे सातशे मीटरहून खोल असा एक उभा बोगदा निकामी पडून राहिला. जपान मायक्रोग्रॅव्हिटी सेंटर या संस्थेने त्याचा उपयोग केला: १९९१ पासून त्या बोगद्यात ४९० मीटरचे मुक्त पतन आणि त्यातून १० सेकंद मिळू लागले, आणि उरलेली दोनशे मीटर लांबी कुपीला थांबवण्यात खर्च होई, कारण दहाव्या सेकंदाला तिचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर झालेला असे. खाणीतून निघणाऱ्या इंधनावर जगणारे गाव खाण संपल्यावर इंधनाच्या ज्वलनाच्या अभ्यासाचे केंद्र व्हावे, हा योगायोग कोणी रचला नव्हता. ही सोय २००३ साली बंद झाली, आणि जमिनीवर एवढ्या दीर्घ पतनाची दुसरी जागा त्यानंतर बराच काळ झाली नाही. वरचा हिशेब लावला तर दहा सेकंदांत जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा थेंब पूर्ण जळू शकतो. पाऊण किलोमीटरच्या भोकाची ही कमाई होती. जर्मनीतील ब्रेमेन येथे १९९० साली उभा राहिलेला १४६ मीटर उंचीचा मनोरा ४.७ सेकंद देतो, आणि २००४ पासून कुपी तळातूनच वर उडवून ती वर जाऊन परत येईपर्यंतचा काळ वापरण्याच्या युक्तीने तेवढ्याच उंचीत ९ सेकंदांहून थोडा अधिक काळ मिळू लागला. भारतात चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील राष्ट्रीय ज्वलन संशोधन व विकास केंद्राचा मनोरा अडीच सेकंद देतो. वळणदार मार्गाने उडणाऱ्या विमानात वीस सेकंदांहून अधिक काळ मिळतो, पण विमानाची थरथर मोकळ्या थेंबाला जागेवर राहू देत नाही.

या मनोऱ्यांतून आणखी एक अनपेक्षित पात्र पुढे आले, ते म्हणजे काजळी. नेहमीच्या ज्योतीत काजळीचे कण वरच्या प्रवाहाबरोबर वाहून जातात. गोल ज्योतीत त्यांना वाहून नेणारे कोणी नसते: थेंबापासून बाहेर जाणारे बाष्प त्यांना ज्योतीकडे ढकलते, तर तापलेल्या भागातील वेगवान रेणूंचे आघात त्यांना थंड बाजूकडे, म्हणजे थेंबाकडे ढकलतात, आणि ही दोन बले जेथे सम होतात तेथे कण अडकून थेंबाभोवती काजळीचे एक कवच तयार होते. फोर्मन विल्यम्स, फ्रेडरिक ड्रायर, बेंजामिन शॉ आणि नासाचे जॉन हॅगर्ड यांनी १९८८ साली डेकेन या इंधनाच्या थेंबांच्या अभ्यासात या काजळीचे वर्णन केले, आणि नंतरच्या कामात असेही दिसले की तिच्या प्रमाणानुसार ज्वलन-स्थिरांक बदलू शकतो. व्यासवर्गाच्या नियमातील ‘स्थिर’ या शब्दाला आता बाष्पाची साठवण आणि काजळी अशा दोन्ही बाजूंनी धक्का बसला होता.

तिसरा धक्का सिद्धान्तातून आला. मोठ्या थेंबाची ज्योतही मोठी असते, आणि तिच्यातील तापलेले कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व काजळी प्रारणाच्या रूपाने, म्हणजे अवरक्त किरणांच्या रूपाने, उष्णता बाहेर टाकत असतात. ही गळती तापलेल्या वायूच्या घनफळाबरोबर, म्हणजे व्यासाच्या घनाबरोबर वाढते, पण ज्वलनातून मिळणारी उष्णता केवळ व्यासाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एका मर्यादेनंतर गळती कमाईवर मात करते आणि ज्योत विझते. बी. एच. चाओ, लॉ आणि जेम्स टियेन यांनी १९९० साली या प्रारणजन्य विझण्याचे विश्लेषण केले. थेंब फार लहान झाला तर बाष्प आणि ऑक्सिजन यांना ज्योतीत थांबायला पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून ज्योत विझते, हे आधीपासून ठाऊक होते; आता तो फार मोठा असला तरी विझेल असे गणित सांगू लागले. पण एवढा मोठा थेंब विझेपर्यंत पाहण्यासाठी जमिनीवरचा कोणताही मनोरा पुरणारा नव्हता.

म्हणून थेंब अंतराळयानात गेला. १९९५ च्या शरद ऋतूत ‘कोलंबिया’ यानाच्या एसटीएस-७३ या फेरीत, हातमोजे बसवलेल्या बंद पेटीमध्ये, तंतूच्या आधारावर काही मिलिमीटरचे थेंब जाळण्यात आले. मोकळ्या थेंबांचा मोठा प्रयोग एप्रिल १९९७ मधील एसटीएस-८३ साठी सज्ज केला होता. समोरासमोरच्या दोन सुया एक थेंब धरून ठेवत आणि एकदम मागे सरकून त्याला हवेत सोडत, व तापलेल्या तारा त्याला पेटवत. पण यानाच्या एका इंधन-घटात बिघाड झाल्याने सोळा दिवसांची ठरलेली फेरी चार दिवसांत आटोपती घ्यावी लागली. नासाने तेव्हा जे केले ते त्या काळातही असाधारण होते: तेच यान, तेच सात अंतराळवीर आणि तीच प्रयोगसामग्री १ जुलै १९९७ रोजी एसटीएस-९४ या नावाने पुन्हा पाठवली गेली. त्या सातांमध्ये ग्रेगरी लिंटेरिस हा स्वतः ज्वलनाचा अभ्यासक होता. विल्यम्स, ड्रायर आणि वेध नायगम यांच्या या प्रयोगात हेप्टेनचे सुमारे चार मिलिमीटरपर्यंतचे थेंब ऑक्सिजन व हेलियम यांच्या मिश्रणात जाळले गेले, आणि विझण्याचे दोन्ही प्रकार नोंदले गेले: लहान थेंबांचे वेळेअभावी आणि मोठ्या थेंबांचे प्रारणामुळे.

यापुढचे काम आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये एसटीएस-१२६ ने तेथे ज्वलनासाठी खास बनवलेले, सुमारे शंभर लिटरच्या दाबपात्राचे एक कपाट नेले, आणि २००९ च्या वसंतात ज्योत विझवण्याचा अभ्यास करणारी फ्लेक्स ही प्रयोगमालिका सुरू झाली. तिचा हेतू अंतराळयानातील आगीपासून संरक्षण हा होता: हेप्टेन आणि मेथॅनॉल यांचे थेंब कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन किंवा हेलियम मिसळलेल्या वातावरणात पेटवायचे आणि किती ऑक्सिजनपर्यंत ज्योत तग धरते ते मोजायचे. अंतराळवीरांनी सामग्री बदलायची आणि बाकीचे आदेश क्लीव्हलंडहून जायचे, अशी कामाची वाटणी होती. थेंबाचे वय आता कोणत्याही विहिरीच्या खोलीला बांधलेले नव्हते.

याच मालिकेत एक गोष्ट घडली जी कोणी शोधायला गेले नव्हते. हेप्टेनच्या मोठ्या थेंबाची ज्योत प्रारणामुळे विझली, कॅमेऱ्यात अंधार झाला, आणि तरीही थेंबाच्या व्यासाचा वर्ग पूर्वीसारखाच, फक्त काहीशा कमी दराने, घटत राहिला. ज्योत नसताना थेंब अशा वेगाने आटण्याचे कारण नव्हते. कुठूनतरी उष्णता येत होती. हे अनेक सेकंद चाले आणि मग एका ठरावीक व्यासाला अचानक थांबे, जणू न दिसणारी ज्योतही विझली. नायगम, डॅनियल डिट्रिक, पॉल फर्कुल, मायकेल हिक्स आणि विल्यम्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे स्पष्टीकरण शीत ज्योतीत शोधले. नेहमीच्या ज्योतीचे तापमान १५०० ते २००० केल्विन असते, तर शीत ज्योतीचे ५०० ते ८०० केल्विन. तिच्यात इंधन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होत नाही, तर फॉर्मॅल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे अर्धवट पदार्थ तयार होतात, आणि प्रकाश एवढा क्षीण असतो की साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

शीत ज्योत ही वस्तू नवी नव्हती. हंफ्री डेव्ही याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर ईथरची वाफ सोडली असता, हात पोळू नये असा फिकट उजेड पाहिला होता, आणि विल्यम हेन्री पर्किन याने १८८२ साली अशा अर्धवट ज्वलनाची पद्धतशीर नोंद केली. विसाव्या शतकात पेट्रोल एंजिनातील ठोके आणि डिझेल एंजिनातील आपोआप पेटणे यांच्या मुळाशी हीच कमी तापमानाची रासायनिक साखळी आहे हे कळले. परंतु त्या साऱ्या शीत ज्योती आधी मिसळलेल्या इंधन-हवेतील होत्या. इंधन एका बाजूने आणि ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने येत असताना, एका थेंबाभोवती, बाहेरून उष्णता न देता शीत ज्योत स्थिर टिकू शकते हे त्याआधी कोणी पाहिलेले नव्हते. पुढे तान्वीर फारुक आणि ड्रायर यांनी हेप्टेनच्या सविस्तर रासायनिक साखळीसह केलेल्या संगणकीय गणितात हे दोन टप्प्यांचे ज्वलन उमटले, आणि २०२१ साली स्थानकावर थेंब बाजूला ठेवून, एका सच्छिद्र गोलातून वायुरूप इंधन सोडून, पीटर संडरलँड यांच्या गटाने गोल शीत ज्योत मिळवली.

एंजिनातील थेंब इतके लहान असतात की ते कधी प्रारणाने विझणार नाहीत, त्यामुळे स्थानकावर जे दिसले ते एंजिनात तसेच्या तसे घडत नाही. उपयोग वेगळ्या मार्गाने होतो. सिलिंडरात कमी तापमानाची ही साखळी काही मिलिसेकंदांत उरकते, आणि तिच्यातील शेकडो अभिक्रियांचे दर तपासायला अवकाशच मिळत नाही. मोठ्या थेंबाभोवती तीच साखळी सेकंदामागून सेकंद स्थिर राहते, आणि तिच्या टिकण्याचा काळ, थेंबाचा घटता व्यास व तो ज्या व्यासाला विझतो तो आकडा, या तीन गोष्टी एखाद्या प्रस्तावित रासायनिक प्रतिमानाला जुळतात की नाही हे पाहता येते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी बनवलेली प्रतिमाने उष्ण ज्योतीच्या बाबतीत बहुधा एकमेकांशी सहमत असतात, पण शीत ज्योतीच्या बाबतीत त्यांची उत्तरे फुटतात, आणि त्यांपैकी कोणते बरोबर हे ठरवण्याचे साधन आता तीन-चार मिलिमीटरचा एक थेंब झाला आहे.